इतर हक्क

विस्कॉन्सिनमध्ये, वेस्टबीच्या वाचनालयाच्या तळघरात
दर मंगळवारी मी पानं उलटते.
काच, दिवा, क्लिक. पुढचं पान.
एस्पेलान्द यांच्या शेताच्या वह्या, एकूण नऊ.
पहिल्या तीन बोटीतून आल्या, पेटाऱ्यात, लोकरीत गुंडाळून.
अजून त्यांना मेंढीचा वास येतो,
की मलाच तसं वाटतं.

नॉर्वेजियन मला येत नाही.
पण वडील तलाठी होते माझे, शिराळ्याला.
रकाना कसा वाचायचा ते भाषेच्या आधी कळतं.
बार्ली. मीठ. गाईंची नावं: दाग्रोस, लितागो.
व्यालेली. आटलेली. विकलेली.

समोर वह्यांचे मालक बसतात, शूर एस्पेलान्द.
(शूर हे तिकडे नुसतं नाव. आपल्यासारखा अर्थ नाही त्याला.)
एक्क्याण्णव वर्षं, कानात यंत्र, खिशात पेपरमिंट.
मी अडले की बोट ठेवते, ते वाचतात.
एस्पेलान्द शेताचं नाव होतं, म्हणतात, माणसांचं नव्हे.
दुसऱ्या शेतावर गेलं की आडनावही दुसरं.
मग समुद्र ओलांडला. शेत तिकडे राहिलं,
नाव ओल्या सदऱ्यासारखं अंगावरच वाळलं.
मी म्हणाले, आमच्याकडेही गाव सुटतं, 'कर' तेवढा राहतो.
पिढ्यान्‌पिढ्या भरायचा.
त्यांना ऐकू आलं नाही. किंवा आलं.

सातवी वही, पान एकसष्ट.
लाल वासरू, कपाळावर चांद.
लोणी, पौंडाला बावीस सेंट.
शूर, जन्म.
शूर, अकरा दिवस.
लोणी, पौंडाला चोवीस.

"हा पहिला," ते म्हणतात. "मी दुसरा.
नाव वाया जाऊ दिलं नाही त्यांनी."
आणि पेपरमिंट पुढे करतात.

चौथी वही आम्ही शेवटी घेतली, शिवण उसवली होती म्हणून.
जून, अठराशे पंचाहत्तर. जुनं वळणदार अक्षर,
शूर दोनदा चष्मा पुसतात:
'दोन बायका आल्या. हो-चंक. भाकरी दिली, ताक दिलं.
ओकखाली बराच वेळ उभ्या होत्या.
काही मागितलं नाही.
पाऊस नाही.'

पुढचं वर्ष, तोच हात, तोच महिना:
'पुन्हा आली. एकटीच.'

आणि त्यानंतरच्या मार्चमध्ये:
'ओक तोडला. अकरा गाड्या लाकूड.
मुळाशी दगड लागले, रचलेले.
कुंपणाला चांगले झाले.'

काच. दिवा.
क्लिक करायला माझा हात उठेना.
"ते कुंपण आहे अजून," शूर म्हणतात.
"लहानपणी मी त्याच्यावर बसून शाळेच्या बसची वाट बघायचो."

वडिलांच्या सातबाऱ्यावर उजव्या हाताला एक रकाना असे:
इतर हक्क.
कुणाचं विहिरीतलं पाणी, कुणाची पायवाट, कुणाचा बोजा.
बहुतेक वेळा रिकामा.
तो रिकामाच राहावा म्हणून माणसं कोंबडी घेऊन यायची.
वडील परत पाठवायचे.
एकदा नाही पाठवली.
रस्सा मी जेवले आहे, दोनदा वाढून घेऊन.

या वहीत तसला रकाना नाही.
लिहिणाऱ्याने काही लपवलंही नाही.
भाकरी दिली तेही लिहिलं, दगड घेतले तेही,
एकाच शाईने, बार्लीच्या भावाशेजारी.
दोन्ही ओळी एकमेकींना ओळखत नाहीत
आणि दीडशे वर्षं एका शिवणीत आहेत.

स्कॅन झालं की फॉर्म भरायचा असतो. विषय:
शेती, दूधदुभतं, स्थलांतर. यादीत एवढंच मिळतं.
खाली एक मोकळी चौकट. तिच्यात कर्सर लुकलुकतो.
"काय लिहितेस?" शूर विचारतात.
मी सांगत नाही, कारण अजून काही लिहिलेलं नाही.
ते टेबलावर बोटाने रेघ ओढतात,
शेताच्या कडेने ओढतात तशी, थोडी वाकडी, ओकपाशी थांबलेली.
"कुंपण," म्हणतात. "कुंपण लिही."

मी लिहिते: कुंपण
आणि पुढे स्वल्पविराम देते.
तळघर साडेचारला बंद होतं.